कृपेची जागा

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला कॅल्क्युलस शिकवते. या विषयात देवाधर्माचा प्रश्न येत नाही, असं बहुतेकांना वाटतं. मला मात्र न्याय मोठा की कृपा मोठी, हा भक्तिशास्त्रातला जुना वाद दर सत्राच्या शेवटी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात भेटतो. कॅप सेंटरवर, म्हणजे उत्तरपत्रिका एकत्र तपासायच्या केंद्रावर, बसलं की समोर नाव नसतं, सांकेतिक क्रमांक असतो. अक्षर असतं, खाडाखोड असते. देवाचं नाव किंवा विनंती लिहू नये अशी सूचना असूनही शेवटच्या पानावर एखादी ओळ सापडते: मॅडम, कृपया पास करा. ती ओळ गुणदानाच्या तक्त्यात कुठेच बसत नाही, तरी डोळ्यांआडही करता येत नाही. कुणीतरी माझ्याकडे कृपा मागितलेली असते. ती द्यायचा अधिकार मला आहे का, याचा विचार मी इथे करणार आहे, कारण मला हा प्रश्न परीक्षेच्या नियमांपुरता वाटत नाही.

आधी आम्ही मुलांकडून काय अपेक्षा करतो ते सांगायला हवं. बारावीपर्यंत मुलांनी सूत्रं पाठ केलेली असतात. एक्सच्या वर्गाचा डेरिव्हेटिव्ह दोन एक्स, हे झोपेतही सांगतात. पहिल्या वर्षात आम्ही विचारतो, का? एक्स दोनच्या जवळ जवळ जाताना एक्सचा वर्ग वजा चार भागिले एक्स वजा दोन, याची लिमिट काढा म्हटलं की मुलं सरळ दोन घालतात. वर शून्य, खाली शून्य. कुणी उत्तर शून्य लिहितो, कुणी अनंत. खरं उत्तर चार आहे आणि ते मिळवायला एक अवघड गोष्ट मनात पक्की व्हावी लागते: दोनच्या कितीही जवळ जायचं आहे, पण दोनवर पाय ठेवायचा नाही.

हे अवघड आहे म्हणते, कारण माणसाच्या इतिहासात ते अवघडच गेलं. लायब्निट्सने आपलं कॅल्क्युलस १६८४ साली छापलं. पन्नास वर्षांनी, १७३४ मध्ये, बिशप बर्कली यांनी 'द अ‍ॅनालिस्ट' लिहून गणितज्ञांना धारेवर धरलं. ज्या राशीने आधी भागता आणि मग तिलाच शून्य म्हणून टाकून देता, ती नेमकी आहे तरी काय? अशा राशींवर श्रद्धा ठेवणाऱ्यांनी धर्मातल्या गूढांवर आक्षेप कोणत्या तोंडाने घ्यावेत? बर्कलींचा हेतू धर्मरक्षणाचा होता, पण प्रश्न खरा होता आणि समाधानकारक उत्तर द्यायला गणिताला पुढची कित्येक दशकं लागली. प्रागमध्ये धर्मशास्त्र शिकवणाऱ्या बोल्झानो या कॅथलिक पाद्र्याने १८१७ मध्ये सातत्याची काटेकोर व्याख्या मांडली. कोशीचं पुस्तक १८२१ मध्ये आलं. आज वर्गात शिकवतो ती एप्सिलॉन-डेल्टाची भाषा त्यानंतर वायरश्ट्रासच्या व्याख्यानांतून पक्की झाली. लायब्निट्सपासून कोशीपर्यंत १३७ वर्षं. आम्ही मुलांना एक सत्र देतो. त्यातली बरीच मुलं दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली असतात, काही डाळिंबाच्या बागेला पाणी देऊन सकाळची पहिली एसटी धरतात, आणि पुस्तक इंग्रजीत असतं. अपेक्षा ठरवण्याआधी शिकवणाऱ्याने हा इतिहास डोळ्यांसमोर ठेवायला हवा. अपेक्षा कमी करायला नव्हे. जे न्यूटन-लायब्निट्सनाही नेमकं मांडता आलं नव्हतं, ते एका पोराला पहिल्या तासाला कळलं नाही म्हणून त्याला मठ्ठ म्हणण्याचा हक्क आपल्याला उरत नाही, एवढ्यासाठी.

एप्सिलॉन-डेल्टाच्या त्या व्याख्येत माझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर दडलेलं आहे, असं मला शिकवता शिकवता वाटू लागलं. तिथे क्रमाला फार महत्त्व आहे. आधी एप्सिलॉन सांगायचा, म्हणजे उत्तर किती जवळचं हवं ते. मग समोरच्याने डेल्टा शोधायचा, म्हणजे त्यासाठी किती जवळ जावं लागेल ते. डेल्टा शोधून झाल्यावर एप्सिलॉन बदलला तर खेळच मोडतो. परीक्षकाची नीती हीच आहे. किती नेमकेपणा हवा, सिद्धता लिहायची म्हणजे काय काय लिहायचं, प्रमेयाच्या अटी तपासल्याचं दाखवलं नाही तर किती गुण जातील, हे सगळं मुलांनी पेन उचलण्याआधी त्यांना ठाऊक असलं पाहिजे. पेपर झाल्यावर कुणासाठी ती अट सैल केली काय किंवा आवळली काय, दोन्ही अन्यायच. आवळलेली अट लगेच बोचते. सैल केलेली अट दयेसारखी दिसते, म्हणून तिच्यातला अन्याय पटकन कळत नाही.

आता गुण कशाला द्यायचे? गणितात स्टेप मार्किंग असतं. उत्तर चुकलं तरी पद्धत बरोबर असेल तर गुण मिळतात. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त ज्या प्रश्नाचा इतका खल केला, तो इथे पाच गुणांच्या गणितात उभा असतो. कर्माची किंमत बाहेरच्या परिणामावरून ठरवायची, की ते करणाऱ्याच्या बुद्धीवरून? टिळकांनी केवळ बाह्य सुख मोजणाऱ्या आधिभौतिक पक्षाला अपुरं ठरवलं आणि कर्त्याच्या शुद्ध बुद्धीला श्रेष्ठ मानलं. कांटच्या विचाराशी ते कुठे जुळतं तेही दाखवलं. टिळक स्वतः न्यू इंग्लिश स्कूलमध्ये गणित शिकवत. शुद्ध बुद्धीचा शोध घेताना त्यांना फळ्यावरची उदाहरणं आठवली असतील का, हा विचार मला आवडतो. एरवी दुसऱ्याची बुद्धी आपल्याला दिसत नाही. दान करणाऱ्याच्या मनात पुण्य होतं की प्रसिद्धी, हे बाहेरून कळत नाही. गणिताच्या उत्तरपत्रिकेत मात्र ती ओळीओळीने दिसते. मीन व्हॅल्यू थिअरमच्या अटी तपासल्या, फलन योग्य निवडलं, शेवटी एक वजा चिन्ह निसटलं, तर त्या मुलीला विषय कळला आहे हे मला स्वच्छ दिसतं. तिचा एक गुण जाईल, चार मिळतील.

याची उलट बाजूही रोज दिसते. साइन एक्स भागिले एक्स, एक्स शून्याकडे जाताना. उत्तर एक. मुलं लोपितालचा नियम लावतात, वर कॉस एक्स, खाली एक, उत्तर एक, संपलं. उत्तर अगदी बरोबर. पण साइनचा डेरिव्हेटिव्ह कॉस आहे हे आपण सिद्ध करतो तेच मुळी या लिमिटच्या आधारावर. ही लिमिट सिद्ध करा असं विचारलं असताना जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरलं, तर बरोबर उत्तरालाही पूर्ण गुण देता येत नाहीत. मुलं रागावतात. उत्तर तर बरोबर आहे ना मॅडम? तेव्हा मी फळ्यावर वर्तुळ काढते, त्रिकोण आणि वर्तुळपाकळी यांची क्षेत्रफळं एकमेकांशेजारी ठेवते आणि ते एक कुठून येतं ते दाखवते. फळ हाती आलं म्हणजे कर्म झालंच असं नाही, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारी जागा मला दुसरी माहीत नाही.

इथपर्यंत मन शांत असतं. खरी कसोटी बेरजेपाशी लागते.

मुलाला विषय किती कळला, ही गोष्ट सलग वाढत जाते. ज्याला थोडं कळलं आणि ज्याला त्याहून जरासं जास्त कळलं, त्यांच्यामध्ये कुठे भिंत नसते. निकाल मात्र सलग नसतो. चाळीसवर तो उडी घेतो. यूजीसीने सुचवलेल्या दहा गुणबिंदूंच्या तक्त्यात सर्वोत्तम श्रेणीला दहा, मग नऊ, आठ असं उतरत उतरत नुसत्या उत्तीर्णाला चार मिळतात आणि त्याखाली थेट शून्य. तीन, दोन, एक या पायऱ्याच नाहीत. चाळीसला उत्तीर्ण धरलं तर एकोणचाळीस गुण मिळवणारा, चार गुण मिळवणारा आणि पेपरला न आलेला, या तिघांनाही तेच शून्य. फलन जिथे तुटतं तिथे डावीकडची आणि उजवीकडची लिमिट वेगळी निघते, हे मी ज्या मुलांना शिकवते, त्यांचंच आयुष्य त्या तुटलेल्या बिंदूवर उभं असतं.

मन इथेच कृपेकडे वळतं. विद्यापीठांच्या नियमांत ग्रेसचे गुण असतात. समजा तीन गुणांची सवलत आहे. एकोणचाळीसवाला तरला, सदतीसवालाही तरला. पण मग सदतीसवर तीच उडी तयार झाली. तुटलेली जागा नाहीशी झाली नाही, तीन घरं खाली सरकली. कृपेचा नियम झाला की ती कायदाच होते आणि कायद्याला काठ असतोच. सवलत कितीही वाढवा, काठावर कुणीतरी उरणारच. त्या नियमाला माझा विरोध नाही. मोजमापात चूक राहते, ती थोडी मुलाच्या बाजूने धरावी हे शहाणपणाचं आहे. फक्त त्याला करुणा समजू नये.

श्रीवैष्णवांच्या दोन पंथांमध्ये कृपेवरून जो वाद झाला, तो मला इथे फार उपयोगी वाटतो. वेदान्तदेशिकांना मानणारे वडकलै म्हणतात, माकडाचं पिल्लू आईला घट्ट धरून बसतं. तसं भक्ताने निदान धरून तरी राहायला हवं, देवाला कृपा करायला काही निमित्त तरी हवं. पिळ्ळै लोकाचार्यांना मानणारे तेनकलै म्हणतात, मांजर पिल्लाला तोंडात धरून नेते, पिल्लू काहीच करत नाही. कृपेला कारण लागत नाही. कॅपच्या टेबलावर आम्ही सगळे नकळत वडकलै असतो. एकोणचाळीस झाले की पेपर पुन्हा उलटायचा, कुठे एक मार्क बसतो का बघायचं. अर्धवट सोडलेल्या उदाहरणात एखादी बरोबर ओळ, एखादं लिहून ठेवलेलं सूत्र. निमित्त शोधायचं.

हे करावं का? माझं मत असं आहे की पुन्हा पाहावं, जरूर पाहावं, पण डोळे तेच ठेवावेत. माझ्या नजरेतून एखादी योग्य पायरी सुटली असेल तर तो गुण त्याचाच आहे, तो देणं ही कृपा नाही, देणं फेडणं आहे. पण जी ओळ अठ्ठावन्नच्या पेपरात असती तर मी शून्य दिलं असतं, तीच ओळ एकोणचाळीसच्या पेपरात आहे म्हणून तिला एक देणं, इथे मी खोटं लिहिते. गुण हे माझं विधान असतं: या उत्तरात इतकं दिसलं. त्या विधानाखाली माझी सही असते.

पण दया आली तर ती दाबायची का? नाही. ती कुठून द्यायची, हे शोधायचं. मीमांसकांनी याचा फार मूलभूत विचार करून ठेवला आहे. विश्वजित नावाच्या यज्ञात यजमानाने आपलं सर्वस्व दक्षिणा म्हणून द्यायचं असतं. जैमिनींच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात चर्चा येते की सर्वस्व म्हणजे काय काय? आई-वडील देता येतील का? राजाने सगळी पृथ्वी द्यावी का? उत्तर असं की नाही, कारण त्यांच्यावर त्याचं स्वामित्व नाही. दान म्हणजे आपलं स्वत्व सोडून दुसऱ्याचं निर्माण करणं. जे आपलं नाही ते सोडणार कसं? सर्वस्व द्यायला निघालेल्यालाही हीच मर्यादा आहे.

हा विचार कळला तेव्हा कॅपच्या टेबलावरचं माझं ओझं हलकं झालं. गुण माझ्या मालकीचे नाहीत. मी ते तयार केले नाहीत, माझ्याकडे त्यांचा साठा नाही, ते दिल्याने माझं काही कमी होत नाही. ज्या दयेत देणाऱ्याचं काहीच जात नाही, तिची किंमत दुसरं कुणीतरी मोजत असतं. इथे ती कोण मोजतं? रात्र रात्र बसून ज्याने स्वतःच्या बळावर चाळीस मिळवले तो. दुसऱ्या वर्षाला ज्याच्या वर्गात ती मुलं जातील तो शिक्षक. आणि सगळ्यात जास्त, ज्याला मी तो गुण दिला तोच मुलगा. पुढच्या वर्षी त्याच्यासमोर दोन चलांची फलनं आणि डिफरन्शियल इक्वेशन्स येतील आणि पायाखाली लिमिट नसेल.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मला झोपू देत नाही. आमच्या भागात मुलगी नापास झाली तर काही घरांत तिचं शिक्षण तिथेच थांबतं. एका गुणापायी स्थळ बघायला सुरुवात होते. अशा वेळी तुमचं खरं बोलणं कुणाच्या कामाचं? पेपरवर नाव नसल्याने ती मुलगी कोणती हे मला कळत नाही, हे खरं, पण त्याच्यामागे मी लपणार नाही. प्रत्येक एकोणचाळीसमागे ती असू शकते, हे धरूनच मी सही करते. मला एवढंच म्हणायचं आहे की तिच्यावरचा अन्याय गणितात झालेला नाही, घरात आणि गावात होतो आहे आणि त्याच्याशी तिथेच लढावं लागेल. एटीकेटी म्हणजे काय, विषय राहिला तरी पुढच्या वर्षात जाता येतं, पुन्हा परीक्षा देता येते, हे तिच्या वडिलांना घरी जाऊन समजावणं, हे काम माझं आहे. त्याला माझी संध्याकाळ लागते. गावची शेवटची गाडी चुकते. संध्याकाळ माझी आहे, म्हणून ती मला देता येते.

घरी गेल्यावर सांगायची पहिली गोष्ट अशी की हा शेरा तुमच्या मुलीवर नाही, तीन तासांत लिहिलेल्या काही पानांवर आहे. आपल्या समाजाला हा फरक करता येत नाही. केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पूर्वी गुणानुक्रमाने यादी लागायची. १८९९ मध्ये आपले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे तिथे सीनियर रँग्लर, म्हणजे त्या यादीत पहिले, झाले आणि त्या एका परीक्षेतला मान त्यांच्या नावाला कायमचा जोडला गेला. पुढे ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, बुद्धिवादाचा निर्भीड पुरस्कार केला, पण महाराष्ट्राला ते रँग्लर परांजपे म्हणूनच ठाऊक राहिले. त्या परीक्षेतली ही क्रमवारी १९०९ नंतर बंद झाली. तिथलेच गणितज्ञ जी. एच. हार्डी तर त्या परीक्षेच्याच विरोधात होते. परीक्षेतला मान माणसाला आयुष्यभर चिकटतो, तसा परीक्षेतला नापासही चिकटतो. परांजप्यांच्या वाट्याला तो गौरव होऊन आला. आमच्या मुलांच्या वाट्याला तो डाग होऊन येतो. आत्म्याच्या योग्यतेचा निवाडा करायचा अधिकार धर्माने माणसाला दिलेला नाही. मग तो एका पेपरला कसा असेल? गुणांनी स्वतःची हद्द ओळखली तरच ते खरे राहतात.

म्हणून मी कृपेची जागा बदलली आहे. आमच्या जिल्ह्यात आषाढीच्या आसपास पहिलं सत्र सुरू होतं आणि परीक्षा कार्तिकीच्या आगेमागे येते. जे द्यायचं ते आषाढात द्यायला सुरुवात करायची. एप्सिलॉन म्हणजे काय ते आधी मराठीत, मग इंग्रजीत सांगायचं. चांगलं लिहिलेलं आणि वाईट लिहिलेलं, अशी दोन्ही उत्तरं पहिल्याच महिन्यात वर्गात वाचायची, म्हणजे अपेक्षा गुपित राहत नाही. चाचणीचा पेपर लाल शेऱ्यांसकट परत द्यायचा आणि त्याच चुका सुधारून आणल्या तर पुन्हा बघायचा. ज्याला शून्य भागिले शून्य पाचव्यांदा कळलं नाही, त्याला सहाव्यांदा सांगायचं, आवाज न चढवता. माझ्या हातात प्रश्नपत्रिका असेल तेव्हा तिची सुरुवात अशी करायची की मन लावून बसलेल्या प्रत्येकाला पहिलं पान लिहिता यावं. इथे मांजरीसारखं वागायला मी मोकळी आहे. मुलाने काही कमावलं आहे का, हे न पाहता त्याला उचलून न्यावं, कारण मी देते तो वेळ माझा आहे, श्रम माझे आहेत आणि त्यांची कुणाशी तुलना होत नाही.

आषाढात हात आखडणारा शिक्षक कार्तिकात गुण वाटायला निघतो, असं मी पुष्कळदा पाहिलं आहे. न शिकवलेल्याचं ऋण तो दुसऱ्याच्या खजिन्यातून फेडत असतो. ज्याने आधी सगळं दिलं आहे, त्यालाच नंतर निःशंक मनाने एकोणचाळीस लिहिता येतात. आणि ते लिहिल्यावर त्याचं काम संपत नाही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्या एकोणचाळीसवाल्याला शोधून काढायचं, त्याचा पेपर त्याच्याशेजारी बसून उघडायचा आणि पहिल्या चुकलेल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात करायची.